हजेरीच्या ॲपमध्ये काय काय जाते?

(युवा अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला ‘डिजिटल सुरक्षितता’ असा विषय दिला होता. त्यात ओटीपीच्या फसवणुकीपासून फेसबुकवरच्या बनावट खात्यांपर्यंत सगळेच येते, आणि ते चाळीस मिनिटांत होणार नाही. म्हणून मी विषय माझ्या कामापुरता लहान करून घेतला आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. इंजिनियरिंग झाल्यापासूनची बरीचशी वर्षे हजेरी आणि पगाराची सॉफ्टवेअर लिहिण्यात गेली. तेव्हा जे मला आतून माहीत आहे त्याबद्दलच बोलते. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये एक हजेरीचे ॲप असते. ते काय गोळा करते, ते कुठे जाते, आणि आपण त्याबद्दल काय विचारू शकतो.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी जरा हात वर करा. बरेच आहेत. चाकण, वाळूज, भिवंडीची गोदामे, कुणी हॉस्पिटलमध्ये, कुणी सिक्युरिटीला. आता यातल्या ज्यांना ठेकेदाराने किंवा कंपनीने स्वतःच्या मोबाइलमध्ये ॲप टाकायला लावले आहे, त्यांनीच हात वर ठेवा. जवळपास कुणीच खाली घेतला नाही. आणि ते ॲप टाकताना आलेल्या परवानग्या वाचल्या कुणी? हसू नका, मी स्वतः ही ॲप बनवते आणि माझ्या ओळखीतही वाचणारे फार थोडे आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, नाहीतर गैरसमज होईल. कामाच्या तासांची नोंद होऊ नये असे माझे म्हणणे अजिबात नाही. नोंद नसली की पहिले नुकसान कामगाराचेच होते. १९४८च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा तासांना दुप्पट दर ठरवला. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, पण दुप्पट दर तिथेही आहे. कायद्यात लिहिलेला हा दर खिशात यायचा तर जादा तास झाले हे दाखवावे लागते. युरोपियन न्यायालयात १४ मे २०१९ला एक निकाल लागला. स्पेनमधल्या एका कामगार संघटनेने बँकेविरुद्ध दावा केला होता. न्यायालय म्हणाले की रोजचे कामाचे तास मोजणारी खात्रीची व्यवस्था मालकाने उभी केलीच पाहिजे, कारण त्याशिवाय कामगाराला आपला हक्क सिद्धच करता येत नाही. मागणी कामगारांची होती, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे नोंद कशी चुकते ते सांगते. माझा मामेभाऊ एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला आहे. त्याची वेळ आठची. तो ८ वाजून ७ मिनिटांनी पंच करतो, तर सॉफ्टवेअर ती वेळ ८.१५ धरते. संध्याकाळी ५ वाजून ८ मिनिटांनी निघतो, तर पाचच धरते. वेळ पंधरा मिनिटांच्या टप्प्यावर आणायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. ती कुठल्या बाजूला झुकवायची हे कामगाराला कुणी विचारत नाही. सकाळची आठ मिनिटे, संध्याकाळची आठ मिनिटे, दिवसाला सोळा. सव्वीस दिवसांचे ४१६ मिनिटे होतात, म्हणजे जवळजवळ सात तास. महिन्याला जवळजवळ एक पूर्ण दिवस! रात्रपाळीचे आणखी वेगळे. दहाला सुरू झालेली पाळी सहाला संपते, पण मध्ये बाराला तारीख बदलते. सॉफ्टवेअर नीट लिहिलेले नसेल तर एका पाळीचे दोन अर्धे दिवस होतात आणि ओव्हरटाइम कुठेतरी मध्येच विरघळून जातो. शिवाय पंच झालेली वेळ ऑफिसातून दुरुस्त करता येते. ती कुणी, कधी, का बदलली याची नोंद चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये असते. पण ती कामगाराच्या मोबाइलवर दिसत नाही.

तेव्हा तासांची नोंद पाहिजेच, आणि तिची एक प्रत कामगाराकडे पाहिजे. आता उरलेल्या गोष्टींकडे येऊ, म्हणजे तासांच्या नावाखाली आणखी जे जे जाते त्याकडे.

पगार काढायला महिन्याकाठी किती आकडे लागतात? आत आल्याची वेळ आणि बाहेर पडल्याची वेळ. सव्वीस दिवसांचे बावन्न आकडे. सुट्टीचे दोनचार धरा. आता समजा ॲपने ‘नेहमी’ लोकेशनची परवानगी घेतली आणि दर पाच मिनिटांनी तुमची जागा टिपली. दिवसाला २८८ नोंदी. तीस दिवसांच्या ८६४०. तुम्ही घरी झोपलेला असता, सासुरवाडीला गेलेला असता, डॉक्टरकडे रांगेत बसलेला असता, तरी नोंद होत राहते. पगाराला लागतात बावन्न आकडे आणि सर्व्हरवर जातात साडेआठ हजार. उरलेले कशासाठी घेतले, याचे सरळ उत्तर मला बहुतेक वेळा मिळालेले नाही.

जागा म्हणजे अक्षांश आणि रेखांश. चाकण म्हणजे साधारण १८.७६ आणि ७३.८६. दशांशचिन्हानंतर दोनच अंक ठेवले तर साधारण एका किलोमीटरचा अंदाज येतो. चार अंक ठेवले की तो दहाअकरा मीटरवर येतो. म्हणजे कुठले शहर इथपासून कुठले घर इथपर्यंत फक्त दोन अंकांचे अंतर आहे. ॲप लिहिणाऱ्याने ते दोन अंक कापायचे की ठेवायचे, हे एका ओळीत ठरते. ती ओळ लिहिताना खोलीत तुमच्यापैकी कुणी नसते.

तुम्ही म्हणाल, असेना का. आम्ही काही लपवत नाही. हे वाक्य मी फार ऐकते. त्यासाठी एक खरी घटना सांगते. न्यूयॉर्क शहरातल्या टॅक्सींच्या २०१३ सालच्या सगळ्या फेऱ्यांची माहिती २०१४मध्ये माहिती अधिकाराखाली एकाने मागितली आणि ती मिळाली. सुमारे १७ कोटी ३० लाख फेऱ्या. कुठून बसले, कुठे उतरले, किती वाजता, किती भाडे. चालकाचे नाव नव्हते. परवान्याचे आणि टॅक्सीचे क्रमांकही गणिती पद्धतीने झाकलेले होते. पण त्या क्रमांकांचे साचे ठरलेले असल्यामुळे शक्य असलेले सगळे क्रमांक काढून तुलना करता आली, आणि एका इंजिनियरने काही तासांत ते झाकण काढून टाकले. इथपर्यंतचे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. पुढचा भाग कमी सांगितला जातो. आणखी एकाने तीच माहिती घेतली आणि कुठल्या टॅक्सी रोज ठराविक वेळी थांबतात ते पाहिले. त्या वेळा नमाजाच्या वेळांशी जुळवल्या. कोणते चालक मुस्लिम असावेत याचा अंदाज त्याने त्यावरून मांडून दाखवला.

त्या सबंध माहितीत धर्माचा रकाना नव्हता. होते फक्त कामाचे आणि विश्रांतीचे तास.

आता आपल्या हजेरीच्या ॲपकडे या. ज्या ॲपमध्ये सुट्टीच्या वेळा आहेत, त्यात शुक्रवारी दुपारी सव्वा ते दोन कोण नसतो ते दिसते. रमजानमध्ये कुणाचे जेवण बंद आहे ते कॅन्टीनच्या पंचवरून दिसते. आणि हे सगळे सोडून द्या. रात्री दोन वाजता मोबाइल कुठे आहे एवढेच पाहिले तरी पुरते. मुंब्रा, गोवंडी, कोंढवा, मालेगावचा कुठला भाग. आपल्या शहरांमध्ये पत्ता म्हणजे धर्म आणि जात हे तुम्हाला मी सांगायला नको. घर भाड्याने घेताना तुम्ही ते अनुभवले आहे. फरक एवढाच की घरमालकाला तोंडावर नाही म्हणावे लागते. सॉफ्टवेअरने यादीत तुम्हाला खाली टाकले तर ते तुम्हाला कळतही नाही.

हा प्रश्न फक्त आपला आहे असेही नाही. कुठली बाई तासातासाने टॉयलेटला जाते आहे यावरून तिला दिवस गेलेत हे सुपरवायझरला तिच्या सासूच्या आधी कळू शकते. पाळी सुटल्यावर पंधरा मोबाइल एकाच चहाच्या टपरीवर तासभर दिसले, तर युनियनची बैठक झाली हे मालकाला कळते. कोण दुसरीकडे अर्धी पाळी करतो तेही. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. रोजगार हमीच्या कामावर २०२३पासून दिवसातून दोनदा जागेसकट फोटो सक्तीचा झाला.  पाळत नेहमी खालच्या बाजूला सुरू होते, कारण तिथे नाही म्हणणे महाग पडते.

ही माहिती ज्याने घेतली त्याच्यापाशीच राहते, असेही धरून चालू नका. कुठलेही ॲप पूर्ण स्वतःच लिहिलेले नसते. आम्ही बाहेरचे तयार तुकडे जोडतो. नकाशाचा एक, जाहिरातीचा एक, ॲप कुठे बंद पडते हे मोजण्याचा एक. त्यातला एखादा तुकडा आपल्या मालकाकडे माहिती पाठवत असतो. नोव्हेंबर २०२०मध्ये अमेरिकेतल्या पत्रकारांनी दाखवून दिले की ‘मुस्लिम प्रो’ या नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या ॲपमधून लोकेशन ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होते, आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी सैन्यासाठी काम करणारे कंत्राटदार होते. बातमी आल्यावर ॲपवाल्यांनी तो संबंध तोडला. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या कंपनीच्या संवेदनशील जागांची माहिती विकण्यावर बंदी आणली. तुमच्यापैकी कुणी ते ॲप वापरले असेल, त्याने लोकेशन कशासाठी दिले होते? किबला कुठे आणि मगरिब किती वाजता, एवढ्यासाठी. दिलेले कारण आणि झालेला वापर यांचा काही संबंध उरला नाही.

‘नाव काढून टाकतो, मग काय हरकत आहे?’ असे आमच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतेच. २०१३मध्ये संशोधकांनी पंधरा लाख लोकांच्या मोबाइलच्या हालचाली तपासल्या होत्या. वेळ आणि जागा अशा फक्त चार नोंदी माहीत असल्या, तर त्यातली ९५ टक्के माणसे गर्दीतून वेगळी काढता येत होती. तुमची चार ठिकाणे कोणती? घर, काम, मशिदीची गल्ली, आईचे माहेर. हे चारही एकत्र असणारा दुसरा माणूस शोधून दाखवा.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगते. कंपनीचे नाव घेणार नाही. एका मोठ्या गोदामवाल्या ग्राहकासाठी आम्ही हजेरीचे ॲप करत होतो. मागण्यांच्या यादीत एक ओळ होती, जेवणाच्या सुट्टीत कामगार कुठे जातात ते नकाशावर दिसावे. मी विचारले, पगारपत्रकातल्या कुठल्या रकान्याला हे लागते? सुट्टीचा पगार तुम्ही देत नाही, मग सुट्टीतल्या जागेशी तुमचा संबंध काय? ते म्हणाले, ‘उशिरा येतात.’ मी म्हटले, उशीर मोजायला परत येण्याची वेळ पुरते. ती गेटवर आहेच. यावर उत्तर आले नाही. पुढच्या आठवड्यात ते काम माझ्याकडून काढून दुसऱ्या टीमला दिले गेले आणि वर्षअखेरीच्या शेऱ्यात ‘ग्राहकाच्या गरजा समजून घेण्यात कमी पडते’ असे आले. मी हे शौर्य म्हणून सांगत नाही. तुमच्यातले जे इंजिनियर होणार आहेत त्यांना हा प्रश्न विचारायची वेळ येईल, आणि त्याची किंमत साधारण किती पडते ते आधी माहीत असलेले बरे. माझ्या बाबतीत एक पगारवाढ.

तांत्रिक बाजूने सांगायचे तर कामगार खरोखर गेटवर आहे का हे तपासायला त्याच्या मागे फिरावे लागत नाही. गेटवर एक स्क्रीन लावा. तिच्यावर दर मिनिटाला बदलणारा क्यूआर कोड दाखवा. तो स्कॅन केला म्हणजे माणूस तिथे आहे. जागेची गरजच नाही. किंवा जागा मोबाइलच्या आतच तपासा आणि सर्व्हरला फक्त ‘गेटजवळ आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच पाठवा. दोन्ही गोष्टी अवघड नाहीत. फार नवीनही नाहीत. ज्याला फसवी हजेरी थांबवायची आहे त्याला हे पुरते. ज्याला यावर समाधान नाही, त्याला हजेरीपेक्षा वेगळे काहीतरी हवे आहे.

आता कायदा. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने दिले गेले. कायद्यात चांगल्या गोष्टी आहेत. संमती मागताना तुमची कोणती माहिती कशासाठी हवी ते सांगावे लागते, आणि ते राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. म्हणजे मराठीत मागू शकता, उर्दूतही.

पण शिफ्टवाल्यांसाठी मेख कलम ७मध्ये आहे. संमती न घेता माहिती वापरता येईल अशी काही कारणे तिथे दिली आहेत, त्यात नोकरीसंबंधीची कामे हे एक कारण आहे. आणि कलम ११खाली आपल्या माहितीचा तपशील मागायचा जो हक्क आहे, तो संमतीच्या आधारे घेतलेल्या माहितीला जोडलेला आहे. दोन्ही एकत्र वाचा. मालक म्हणाला की ही माहिती मी नोकरीच्या कामासाठी घेतो, तर संमतीही नको आणि तपशील दाखवायचे बंधनही सैल. जिथे माणूस सगळ्यात कमी बोलू शकतो तिथेच कायदा पातळ झाला आहे. आणखी एक. २०१९च्या विधेयकात धर्म, जात, आरोग्य यांची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढली होती, तिला जास्त संरक्षण होते. ते विधेयक २०२२मध्ये मागे घेतले गेले आणि २०२३च्या कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. तक्रार करायचा मार्ग कंपनीने दिला पाहिजे हे मात्र कलम १३मध्ये आहे, आणि ते संमतीला जोडलेले नाही. तेवढा धागा हातात धरता येतो.

आम्ही चार मित्रमैत्रिणींनी सुट्टीच्या दिवशी बसून एक छोटे ॲप केले आहे. कामगाराने स्वतःचे तास स्वतः लिहायचे, महिन्याच्या शेवटी त्याची पीडीएफ काढायची, एवढेच. त्यात लॉगिन नाही, जागा नाही, फोटो नाही. आणि त्याला इंटरनेटची परवानगीच नाही. अँड्रॉइडमध्ये ही परवानगी ॲपने जाहीर केली नसेल तर त्याला स्वतःहून नेटवर्कवर काही पाठवता येत नाही. आमच्यावर विश्वास ठेवा असे आम्हाला सांगावे लागत नाही. परवानग्यांची यादी उघडून बघता येते.

याची अडचणही सांगते. माहिती फक्त मोबाइलमध्ये असली की मोबाइल हरवला, पाण्यात पडला, की सहा महिन्यांचे तास गेले. लोकलमध्ये मोबाइल जातो. हप्ता थकला म्हणून मोबाइल विकला जातो. आणि घरात एकच मोबाइल असेल तर धाकट्या भावाने गेमसाठी जागा करताना ॲप उडवलेले असते. सर्व्हरवर ठेवले असते तर हे झाले नसते, हे खरे आहे. आमच्या चौघांत यावर बरेच भांडण झाले. शेवटी ठरले की महिन्याच्या एक तारखेला ॲप आठवण करते, पीडीएफ काढा आणि ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाला पाठवा. काही जण ते आकडे वहीत उतरवतात. भिवंडीतले एक यंत्रमाग कामगार तर सरळ म्हणाले, ‘मग वहीच बरी.’ मी त्यांना वहीच सुचवली. तासांचा स्वतःचा लेखी हिशेब हा एकटा पुरेसा पुरावा ठरेल असे नाही, पण लेबर ऑफिसात रिकाम्या हाताने जाणे आणि तारखा घेऊन जाणे यात पुष्कळ फरक पडतो.

सर्वांत जास्त मागणी कोणत्या सोयीची आली, सांगू? ओव्हरटाइमच्या गणिताची नाही. एका चाचांचा फोन आला. त्यांची मुलगी हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करते. म्हणाले, ‘बेटा, ॲप चांगले आहे. फक्त पोरगी कुठे आहे ते माझ्या मोबाइलवर दिसेल असे काही करता येईल का?’ त्यांच्यानंतर दोन भावांचे, एका नवऱ्याचे तेच म्हणणे आले. चाचांना राग येऊ नये म्हणून मी फार वेळ बोलले. रात्री दोनला मुलगी बाहेर आहे म्हटल्यावर बापाला झोप येत नाही, ही खोटी काळजी नाही. माझ्या अब्बांचेही तसेच व्हायचे. पण मी त्यांना विचारले, तुमचा मुलगा रात्रपाळीला होता तेव्हा त्याच्या मोबाइलवर काय लावले होते? थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तो मुलगा आहे.’

ती सोय आम्ही दिलेली नाही. कारण मला माहीत आहे की आज ‘कुठे आहे’ विचारणारा उद्या ‘साडेसहाला सुटलीस, मग सातला त्या चौकात काय करत होतीस’ विचारतो, आणि परवा नोकरी बंद होते. आपल्याकडे मुलीची नोकरी अशीच बंद होते. रात्रीची सुरक्षितता हवी असेल तर ती कंपनीकडे मागा. घरी सोडणारी गाडी मागा, त्या गाडीवर जीपीएस लावा, चालकाची नोंद ठेवायला लावा. यंत्र गाडीला बांधायचे की मुलीला, यावर आपण घरात बोललो पाहिजे. मुलीला स्वतःहून मैत्रिणीला किंवा अम्मीला लोकेशन पाठवायचे असेल, तर व्हॉट्सॲपवर ते तासाभरापुरते पाठवता येते. सुरू तिने करायचे, बंदही तिनेच.

आणि थोडे आपल्या सेठलोकांबद्दल. पाळत म्हटली की आपल्याला सरकार आणि परदेशी कंपन्या आठवतात. मालेगावात, भिवंडीत यंत्रमागांचे कितीतरी मालक आपलेच आहेत. केटरिंगवाले, बेकरीवाले, गॅरेजवाले आपले आहेत. तिथे हजेरी कशी होते? व्हॉट्सॲपचा ग्रुप. सकाळी सेल्फी टाकायची. नवा माणूस आला की त्याच्या आधार कार्डाचा फोटो त्याच ग्रुपवर. बिहारहून, उत्तर प्रदेशातून आलेल्या पोराचा आधार क्रमांक, गावाचा पत्ता, जन्मतारीख चाळीस जणांच्या मोबाइलमध्ये. काम सोडून गेलेल्यांच्याही मोबाइलमध्ये. हे कुणी दुष्टपणाने करत नाही, पण ज्यांच्या वडिलांचा कारखाना किंवा दुकान आहे असे तुम्ही इथे बसला आहात. घरी गेल्यावर तो ग्रुप उघडा आणि आधारचे फोटो ‘सर्वांसाठी’ काढून टाका. जुने तसे निघणार नाहीत, तेव्हा ग्रुपवाल्यांना आपापल्या मोबाइलमधून काढायला सांगा.

जे कामाला आहेत त्यांच्यासाठी. एकट्याने जाऊन ‘माझे लोकेशन का घेता’ विचारलेत तर ‘उद्यापासून येऊ नकोस’ ऐकायला मिळेल, याची मला कल्पना आहे. म्हणून दहाबारा जणांनी मिळून एक साधे पत्र द्या. मराठीत. ॲप कोणकोणती माहिती घेते, ती किती दिवस ठेवते, काम सोडल्यावर पुसते का, आणि आमच्या पंचच्या वेळांची प्रत दर महिन्याला मिळेल का. शेवटचा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे, तो वर लिहा. मालकालाही त्याला नकार देणे अवघड जाते, कारण नकार दिला तर वेळा बदलल्या जातात असा अर्थ निघतो. पत्राची पोच घ्या.

प्रश्नोत्तरे सुरू करण्याआधी सगळ्यांनी मोबाइल बाहेर काढा. सेटिंग्जमध्ये जा, लोकेशन उघडा, त्यात ॲपच्या परवानग्या. ‘नेहमी’ असा एक गट दिसेल. त्यात कोणकोणती ॲप आहेत ती वाचा. हजेरीचे ॲप तिथे असेल तर त्याला ‘फक्त ॲप वापरताना’ वर आणा. टॉर्च, कॅलेंडर, गेम असे काही असेल तर परवानगी काढूनच टाका. उद्या पाळीवर जाताना ॲप उघडून पंच होते का बघा. बहुतेकांचे होईल. ज्यांच्या मोबाइलमध्ये कंपनीने ते बटण कुलूपबंद करून ठेवले आहे, म्हणजे बदलूच देत नाही, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे या. मी मागच्या टेबलापाशी आहे, चार्जरही तिथेच लावला आहे.